गोळी लागू पडते की नाही, हे प्लेटलेटच्या चाचणीतून कळतं का?

प्लेटलेट हा शब्द आपल्या विदर्भात डेंग्यूनं घरोघरी पोचवला. पावसाळा सरत आला की तालुक्याच्या दवाखान्यात गर्दी होते आणि व्हरांड्यात बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, "किती आल्या जी पेशी?" कुणाच्या चाळीस हजार, कुणाच्या पंचवीस. मग कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी नागपूरहून किवी मागवतं. डोक्यात गणित एकच असतं: पेशी वाढल्या तर माणूस वाचला.

आता त्याच प्लेटलेटचा एक वेगळाच रिपोर्ट लोकांच्या हाती पडू लागलाय. नागपूरला अँजिओप्लास्टी करून, स्टेंट टाकून माणूस गावी परततो. फायलीत एखादवेळी 'प्लेटलेट फंक्शन टेस्ट' असा कागद असतो आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं 'पुअर रिस्पॉन्डर', नाहीतर 'रेझिस्टंट'. मुलगा त्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि ओळखीतल्या प्रत्येक डॉक्टरला, फार्मसीवाल्याला, शिकलेल्या भाच्याला पाठवतो. "माह्या बाले गोळी लागूच नाही पडून राहिली म्हन्ते. आता का करावं जी?"

गोळी बंद करू नका, हे पहिलं उत्तर. आणि त्या एका कागदावरून गोळी बदलायची घाईही नको, हे दुसरं. असं का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल. चाचणी खोटी आहे असं नाही. ती जे मोजते ते खरंच मोजते. त्या आकड्यावरून पुढचा उपचार ठरवता येतो का, अडचण तिथं आहे.

प्लेटलेट करते काय, गोळी करते काय

प्लेटलेट म्हणजे रक्तातले अगदी बारीक तुकडे. हाडांच्या मगजात तयार होतात, सात ते दहा दिवस जगतात. डेंग्यूत आपण त्यांची संख्या मोजतो, निरोगी माणसात ती साधारण दीड ते साडेचार लाख असते. विळा लागला, रक्तवाहिनी कापली गेली, की या पेशी जागेवर जमा होतात, एकमेकींना धरतात आणि गुठळी होऊन रक्त थांबतं. शेतात काम करणाऱ्याला यांची किंमत वेगळी सांगायला नको.

हीच गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर हार्ट अटॅक येतो. आणि स्टेंट ही धातूची जाळी, शरीराला परकी. तिच्यावर पेशी जमू नयेत म्हणून स्टेंटनंतर सहसा दोन गोळ्या देतात. अटॅक येऊन गेला असेल तर दोन्ही साधारण वर्षभर, आणि त्यानंतर बहुतेकांना एक कायमची.

पहिली ॲस्पिरिन. पेशी एकमेकींना बोलावण्यासाठी जे रसायन बनवतात, ते बनवणारं यंत्रच ॲस्पिरिन बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं यंत्र तिला घडवता येत नाही. ती पेशी मरेपर्यंत निकामीच राहते. म्हणून दिवसातून ७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी पुरते.

दुसरी बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल. पेशींवर एडीपी नावाच्या रसायनाचा निरोप घेणारी एक जागा असते, ती ही गोळी अडवते. पण गोळी जशी गिळली तशी काम करत नाही. यकृतातल्या एका एन्झाइमनं तिला आधी कामाचं रूप द्यावं लागतं. हे एन्झाइम कुणाच्या शरीरात जोरात चालतं, कुणाच्या मंद. म्हणजे एकच गोळी दोघांना दिली तरी परिणाम सारखा होईलच असं नाही. इथूनच चाचणीची कल्पना निघाली: प्रत्येकाच्या रक्तात पाहूया, गोळी किती चालली ते.

कल्पना चांगलीच आहे. मीही डॉक्टर असतो तर मला पटली असती.

चाचणी कशी होते

१९६२ मध्ये लंडनला गुस्ताव बॉर्न या शास्त्रज्ञानं एक साधी युक्ती काढली. रक्त फिरवून लाल पेशी खाली बसवायच्या आणि वरचं प्लेटलेट असलेलं गढूळ पिवळसर पाणी नळीत घ्यायचं. त्यातून प्रकाश सोडायचा. मग एडीपीचा थेंब टाकायचा. प्लेटलेट एकमेकींना धरून गोळे बनवू लागल्या की पाणी निवळतं आणि प्रकाश जास्त आरपार जातो. जितकं निवळेल तितक्या पेशी चपळ. गोळी चालली असेल तर पाणी गढूळच राहतं. ही पद्धत आजही प्रमाण मानतात, फक्त तिला वेळ आणि कसलेला तंत्रज्ञ लागतो.

पुढे झटपट यंत्रं आली. त्यातल्या एका प्रसिद्ध यंत्रात पूर्ण रक्तच टाकतात आणि काही मिनिटांत आकडा येतो. त्या आकड्याला पीआरयू म्हणतात. आकडा जितका मोठा, तितक्या पेशी अजून चपळ, म्हणजे गोळीचा परिणाम तितका कमी. आधी २३० च्या वर गेला की 'गोळी लागू पडत नाही' म्हणायचे. नंतर ती रेघ २०८ वर आणली. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचं एकक वेगळं, रेघही वेगळी.

एकाच रक्ताचे दोन आकडे

कापूस विकलेल्या माणसाला हे चटकन कळेल. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर ओलाव्याचं मीटर कापसात खुपसतो. ८ टक्के ओलावा प्रमाण, १२ पर्यंत पैसे कापून घेतात, त्यावर गेला की गाडी परत. दव पडलेल्या सकाळी आकडा एक, दुपारी उन्हात दुसरा. गाडीच्या या कोपऱ्यात ११, त्या कोपऱ्यात १३. व्यापाऱ्याचं मीटर आणखी तिसरंच सांगतं. कापूस तोच. आणि ११.९ ला घेतलेला कापूस आणि १२.१ ला परत पाठवलेला कापूस शेजारी ठेवले तर तुमच्या बापालाही फरक सांगता येणार नाही.

प्लेटलेटच्या चाचणीत हे सगळं होतं. २०५ वाला 'चांगला', २१० वाला 'रेझिस्टंट', आणि मधे खरं अंतर काहीच नाही. अटॅकनंतर पहिल्या एकदोन दिवसांत पेशी मुळातच खवळलेल्या असतात, त्यात उलट्या आणि दुखण्याच्या इंजेक्शनमुळे गोळी पोटातून हळू शोषली जाते. त्या वेळचा आकडा आणि महिन्याभरानंतरचा आकडा जुळेलच असं नाही. वेगवेगळ्या यंत्रांचे निकालही जुळत नाहीत. 'पॉप्युलर' नावाच्या डच अभ्यासात एक हजाराहून जास्त रुग्णांच्या रक्तावर एकाच वेळी अनेक चाचण्या करून पाहिल्या, तो २०१० मध्ये छापून आला. काही चाचण्यांचा पुढच्या त्रासाशी जेमतेम संबंध दिसला, काहींचा अजिबात नाही. आणि कुणाला रक्तस्राव होईल हे तर एकीलाही सांगता आलं नाही.

आपल्या भागासाठी यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या शहरातल्या लेखात सहसा येत नाहीत.

एक म्हणजे रक्तक्षय. पूर्ण रक्तावर चालणाऱ्या यंत्रात लाल पेशी कमी असतील तर पीआरयू वाढलेला दिसतो. प्लेटलेटनं काही केलेलं नसतं, रक्त पातळ असल्यानं यंत्राची गफलत होते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात सिकलसेल वेगळाच. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईच्या रिपोर्टवर 'गोळी लागू नाही' असं आलं तर आधी तिच्या रक्ताकडे पाहायला हवं, गोळीकडे नंतर.

दुसरी म्हणजे अंतर. या चाचणीचं रक्त सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यावं लागतं, तेही खुणेपर्यंत बरोबर भरून. दंडाला रबर जास्त वेळ आवळून ठेवायचं नाही. सुई टोचल्यावर आलेलं पहिलं थोडं रक्त टाकून द्यायचं, कारण सुईनं वाहिनी दुखावली की तिथल्या पेशी लगेच जाग्या होतात. नळी जोरात हलवायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि साधारण चार तासांच्या आत तपासायची. आता गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटर धरा. भामरागडहून त्याच्या जवळपास दुप्पट. मे महिन्यात ४५ अंशांत कलेक्शनवाल्याच्या दुचाकीवर, खड्ड्यांतून हिंदकळत आलेल्या नळीत प्लेटलेट कोणत्या अवस्थेत असतील? सीबीसी, साखर यांचे नमुने तालुक्याहून पाठवले तरी बऱ्यापैकी तग धरतात. हा नमुना धरत नाही. म्हणून जिथे यंत्र आहे तिथेच रक्त दिलेलं नसेल तर त्या रिपोर्टला मी तरी फार किंमत देणार नाही.

आकडा वाईट, माणूस मात्र ठीक

समजा, रक्त नीट घेतलं, यंत्र उत्तम, आकडा खरा. पुढे काय?

अमेरिका आणि जर्मनीतल्या रुग्णालयांत 'अडॅप्ट-डीईएस' नावाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापला गेला. स्टेंट टाकलेल्या ८,५८३ लोकांचा पीआरयू मोजला आणि वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जवळपास ४३ टक्के लोकांचा आकडा २०८ च्या वर होता. वर्षभरात स्टेंटमध्ये गुठळी झाली ती आकडा 'वाईट' असलेल्यांपैकी १.३ टक्के लोकांना आणि 'चांगला' असलेल्यांपैकी ०.५ टक्के लोकांना.

म्हणजे धोका दुपटीहून जास्त. वर्तमानपत्रात मथळा येतो तो हाच. पण तेच आकडे दुसऱ्या बाजूनं वाचा: 'वाईट' रिपोर्टवाल्या शंभरांपैकी जवळपास नव्व्याण्णव जणांच्या स्टेंटमध्ये वर्षभर गुठळी झालीच नाही. आणि 'चांगला' रिपोर्ट असलेल्या काहींना झाली. याच अभ्यासात ॲस्पिरिनचा आकडा वाईट असणाऱ्यांना गुठळीचा जास्त धोका दिसलाच नाही. उलट क्लोपिडोग्रेलचा आकडा वाईट असणाऱ्यांना रक्तस्राव कमी झाला.

कारण नळीत ना रक्तवाहिनीची भिंत असते, ना वाहतं रक्त. स्टेंट पूर्ण फुलवला गेला का, योग्य मापाचा बसला का, वाहिनी किती अरुंद होती, साखर किती, किडनी कशी, रोज किती खर्रा घोटला जातो, यातलं काहीच नळीला माहीत नसतं. प्लेटलेट जागी व्हायचे मार्ग बरेच आहेत आणि चाचणी त्यातल्या एकावर एका रसायनाचा थेंब टाकून पाहते.

मग आकडा पाहून औषध बदललं तर?

खरी परीक्षा हीच. धोक्याशी संबंध असणं वेगळं आणि तो आकडा सुधारून माणूस वाचणं वेगळं. यासाठी रुग्णांचे दोन गट करून प्रयोग झाले, आणि चांगले मोठे झाले.

२०११ ची 'ग्रॅव्हिटास'. पीआरयू २३० किंवा जास्त असलेले २,२१४ लोक. निम्म्यांना क्लोपिडोग्रेल नेहमीची ७५ मिलिग्रॅम, निम्म्यांना दुप्पट. दुप्पट घेणाऱ्यांचा आकडा सुधारला. सहा महिन्यांनी मोजलं तर मृत्यू, अटॅक आणि स्टेंटमधली गुठळी मिळून दोन्ही गटांत २.३ टक्के. तंतोतंत सारखं.

टीकाकार म्हणाले, डोस दुप्पट करून काय होतं, औषधच बदला. ठीक. 'ट्रिगर-पीसीआय'मध्ये वाईट आकड्यावाल्यांना प्रासुग्रेल हे जास्त जोरदार औषध देऊन पाहिलं. तो प्रयोग मधेच थांबवावा लागला, कारण दोन्ही गटांत मिळून गंभीर घटनाच इतक्या कमी झाल्या की फरक दिसायची आशा उरली नाही. मग फ्रान्समध्ये २,४४० रुग्णांवर 'आर्क्टिक'. एका गटात चाचणी करून, आकडा पाहून, लागेल तसं औषध वाढवलं. दुसऱ्या गटात चाचणीच नाही, सरळ ठरलेला उपचार. २०१२ मध्ये निकाल आला: चाचणी केलेल्या गटात ३४.६ टक्के लोकांना त्रास, न केलेल्यांत ३१.१. हे आकडे मोठे दिसतात, कारण अँजिओप्लास्टीच्या वेळी हृदयाला झालेली बारीक इजाही त्यात धरली होती. फायदा मात्र शून्य. मग प्रश्न आला की वयस्करांमध्ये तरी? ७५ च्या पुढच्या ८७७ लोकांवर 'अंटार्क्टिक' झाली, २०१६. दोन्हीकडे २८ टक्के.

यानंतर उलट्या बाजूनं विचार झाला. आधी जोरदार औषध द्यायचं, मग चाचणी करून आकडा ठीक असेल तर सौम्य औषधावर उतरवायचं, म्हणजे रक्तस्राव टळेल. २०१७ च्या 'ट्रॉपिकल-एसीएस'मध्ये २,६१० रुग्णांवर हे केलं. हृदयाचा त्रास किंवा रक्तस्राव झालेले उपचार उतरवलेल्या गटात ७ टक्के, नेहमीच्या गटात ९. वाईट झालं नाही, एवढं सिद्ध झालं. चाचणीच्या बाजूनं बोलणारा सगळ्यात चांगला पुरावा हाच. पण २०२१ मध्ये कोरियात 'तालोस-एएमआय' झाली. तिथं २,६९७ अटॅकच्या रुग्णांपैकी अर्ध्यांना महिनाभरानंतर टिकाग्रेलॉर या जोरदार औषधावरून क्लोपिडोग्रेलवर उतरवलं, कोणतीही प्लेटलेट चाचणी न करता. त्रास आणि रक्तस्राव मिळून निकाल ४.६ टक्के विरुद्ध ८.२. उतरवलेलेच बरे राहिले. मग चाचणीनं नेमकं काय मिळवलं, हा प्रश्न उरतोच.

म्हणून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हृदयरोग संघटना ही चाचणी सरसकट करा असं सांगत नाहीत.

"पण आयएनआर पाहूनच असिट्रॉमचा डोस ठरतो ना?"

हा आक्षेप रास्त आहे आणि हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरून हमखास येतो. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं याची चाचणी, करायची, त्यावरून असिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी पाव-पाव वाढवायची नाहीतर कमी करायची, हे त्यांना अंगवळणी पडलेलं असतं. मग प्लेटलेटच्या गोळीला तसं का नाही?

आयएनआरच्या मागे बराच पसारा आहे. पूर्वी प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, आकडा वेगळा. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्यांना एका मापात आणलं, म्हणून सेवाग्रामचा २.५ आणि पुण्याचा २.५ एकच. शिवाय आकडा ४ च्या वर गेला की रक्तस्राव वाढतो, २ च्या खाली आला की गुठळी, हे वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. आणि पाव-पाव गोळीनं आकडा हवा तिथं आणता येतो. प्लेटलेट चाचणीत यातलं एकही नीट बसत नाही. माप एक नाही, आकडा आणि धोका यांचा संबंध सैल आहे, आणि क्लोपिडोग्रेल ज्याच्या यकृतात जागी होत नाही त्याला दुप्पट दिली तरी फारशी होत नाही.

जनुकाची चाचणी बरी का?

काही ठिकाणी आता रक्ताऐवजी जनुक तपासा म्हणतात. यकृतातल्या त्या एन्झाइमचं नाव सीवायपी२सी१९. त्याचं जनुक मंद असेल तर क्लोपिडोग्रेल कमी चालते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्ये गोळीच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशाराही छापायला लावला. ही चाचणी आयुष्यात एकदाच लागते. ऊन, खड्डे, रक्तक्षय यानं तिच्यात बदल होत नाही. एवढ्यापुरती ती सरस.

पण भारतीय उपखंडात अशी किमान एक मंद प्रत असणारे लोक निम्म्याच्या आसपास आहेत. निम्म्या भारताला क्लोपिडोग्रेल चालत नाही असं असतं तर गेल्या वीस वर्षांत ते वॉर्डावॉर्डात दिसलं असतं. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या प्रयोगात जनुक पाहून औषध ठरवलेल्यांना रक्तस्राव कमी झाला, ९.८ टक्के विरुद्ध १२.५. पण २०२० च्या 'टेलर-पीसीआय'मध्ये मंद जनुकवाल्यांना टिकाग्रेलॉर दिल्यावर त्रास ५.९ वरून ४ टक्क्यांवर आला, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक पुरेसा ठरला नाही. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र चीनमधली 'चान्स-२' थोडी वेगळं सांगते: मंद जनुक असलेल्या ६,४१२ रुग्णांत टिकाग्रेलॉरवर पुन्हा झटका ६ टक्क्यांना आला, क्लोपिडोग्रेलवर ७.६. तेव्हा या दिशेनं पुढे काही होऊ शकतं. हृदयाच्या स्टेंटसाठी मात्र अजून हा सरसकट मार्ग नाही.

"मग सगळ्यांनाच जोरदार गोळी द्या की"

अटॅक आलेल्यांना बऱ्याचदा देतातच, आणि ते चाचणी न करता. टिकाग्रेलॉरला यकृताची वाट पाहावी लागत नाही. १८,६२४ रुग्णांच्या 'प्लेटो' चाचणीत २००९ मध्येच तिचा फायदा दिसला. आता भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही मिळतात. पण ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते, आणि दम लागल्यासारखं होणं हा तिचा नेहमीचा त्रास. गावात दम लागला की माणूस गोळीच सोडून देतो. प्रासुग्रेल ६० किलोंच्या आतल्या, ७५ च्या पुढच्या माणसांना जपून देतात, आणि आधी पक्षाघात झालेला असेल तर देतच नाहीत. आपल्याकडे मजुरी करणारी किती बाया-माणसं साठ किलोंच्या आत आहेत ते सांगायला नको. पोटातून रक्तस्राव झाला आणि जवळची रक्तपेढी दोन तासांवर असेल, तर जोरदार गोळीचा हिशोब वेगळा होतो. हे डॉक्टरनं माणूस पाहून ठरवायचं असतं.

गोळी लागू न पडण्याचं साधं कारण

ती घेतलेली नसते.

थट्टा नाही. अमेरिकेत अटॅकनंतर औषधी स्टेंट टाकलेल्या ५०० रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये आला. महिन्याभरातच दर सातांतल्या एकानं क्लोपिडोग्रेलच्या जातीची गोळी सोडली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी सोडलेल्यांपैकी ७.५ टक्के दगावले, घेत राहिलेल्यांपैकी ०.७ टक्के. गोळी सोडणारे मुळात जास्त आजारी आणि गरीब होते हे खरं, पण एवढं अंतर कुठल्याही पीआरयूनं कधी दाखवलेलं नाही.

आपल्या गावात घरात औषधांची प्लॅस्टिकची थैली उघडून पाहा. दवाखान्यातून मिळालेल्या कॅप्सूलमध्ये दोन्ही औषधं एकत्र असतात. ती संपल्यावर मेडिकलवाला दोन वेगळ्या पट्ट्या देतो. मग म्हातारा एक घेतो आणि दुसरी "हे तर जास्तीची दिली" म्हणून तशीच ठेवतो. किंवा जन औषधीच्या दुकानातून पांढरी गोळी येते, आधीची गुलाबी होती, म्हणून विश्वास बसत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याला जायला सवड नसते. दात काढायचा म्हणून कुणीतरी गोळी बंद करायला सांगतं, आणि ती पुन्हा सुरूच होत नाही. स्टेंटला धोका असतो तो इथं.

ॲस्पिरिनचंही तसंच. ४०० निरोगी लोकांना ॲस्पिरिन देऊन पाहिलेला एक अभ्यास २०१३ मध्ये आला. आतड्यात विरघळणारी, वर लेप असलेली गोळी घेतल्यावर बऱ्याच जणांची चाचणी 'लागू नाही' आली. पुन्हा तपासल्यावर खरा रेझिस्टंट असा एकही सापडला नाही. गोळी उशिरा विरघळली होती, इतकंच.

बाकी औषधंही मधे येतात. आयब्युप्रोफेनची दुखण्याची गोळी ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ॲस्पिरिनची जागा तीच अडवून बसते. कंबर दुखते म्हणून किराणा दुकानातूनही ही गोळी घेणारे आहेत. ॲसिडिटीची ओमेप्राझोल त्याच यकृताच्या एन्झाइमला गुंतवून ठेवते, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा आकडा बिघडतो. गंमत अशी की २०१० च्या 'कॉजेंट' चाचणीत साडेतीन हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना दोन्ही एकत्र दिली, तर हृदयाचा त्रास वाढला नाही आणि पोटातला रक्तस्राव मात्र घटला. ती चाचणी मुदतीआधी थांबली, त्यामुळे तिला शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. तरी डॉक्टर पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्याच दुसऱ्या गोळीकडे वळतात, त्यात हरकत काहीच नाही.

चाचणी अगदीच टाकाऊ का?

नाही. बायपास करायची आहे आणि माणूस गोळीवर आहे, तेव्हा पेशी कामाला लागल्या का हे पाहून सर्जन ऑपरेशन एकदोन दिवस अलीकडे घेऊ शकतो. एरवी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आणि प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवतात. जन्मजात रक्तस्रावाच्या आजाराचं निदान, मेंदूच्या रक्तवाहिनीतले काही खास स्टेंट, किंवा सगळं नीट असूनही स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी झालेला एखादा रुग्ण, इथं तज्ज्ञ तिचा आधार घेतात.

कागद हातात आलाच असेल तर

गोळ्या सुरू ठेवा. फायलीसोबत औषधांची सगळी थैलीच डॉक्टरकडे न्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि दुखण्याच्या गोळ्या धरून. रक्त कुठं दिलं, गोळी घेतल्यावर किती वेळानं, त्या दिवशी हिमोग्लोबिन किती होतं, हे विचारा. स्टेंटची तारीख आणि दुसरी गोळी कधीपर्यंत घ्यायची, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून घ्या. डांबरासारखा काळा संडास झाला तर गोळी आपल्या मनानं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि छातीत दुखलं, घाम फुटला, तर प्लेटलेटची चाचणी पुन्हा करायला नागपूरची गाडी पकडू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी ईसीजी काढून घ्या.